मोडणीचा इतिहास, कंपूतून पाहिलेला

ग्वाल्हेरच्या कंपूत इतिहास शोधायला लांब जावं लागत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली ती उठलीच नाही. तिचंच लष्कर नावाचं शहर झालं. त्या शहरात कवायती पलटणींचा जो मुलूख होता तो कंपू. टेकडीवर मांढऱ्यांची माता आहे. जयाजीराव शिंद्यांच्या फौजेतल्या आनंदराव मांढऱ्यांनी साताऱ्याकडची आपली देवी इथे आणून बसवली, असं कंपूतल्या जुन्या मराठी घरांत सांगतात. नवरात्रात तिच्या पायऱ्यांवर उभं राहायला जागा नसते. टेकडीच्या आसपास जयारोग्य रुग्णालय, कमलाराजा रुग्णालय आणि १९४६ साली सुरू झालेलं, जिवाजीराव शिंद्यांच्या मातोश्रींच्या नावाचं गजराराजा मेडिकल कॉलेज. मी या कॉलेजात शिकले, इथेच जीवरसायनशास्त्र शिकवत निवृत्त झाले, आणि घरही कंपूतच.

माझे आजोबा शिंदे सरकारच्या फौजेच्या कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, पलटणीत आज माणसं किती, हे भरतीच्या वहीवरून कळत नाही. नावं कमी केल्याची वही शेजारी उघडावी लागते. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांत शिंद्यांची फौज इंग्रजांकडून हरली, आणि जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारची फौज ९,००० वर आणली गेली. त्या वर्षी या छावणीत काय घडलं हे भरतीच्या वहीतून कधीच कळणार नाही.

पेशीतल्या प्रथिनांच्या बाबतीत शास्त्राने कितीतरी वर्षं पहिलीच वही वाचली. प्रथिन कसं घडतं, डीएनएवरचा मजकूर आरएनएत कसा उतरतो, रायबोसोमवर अमिनो आम्लांची साखळी कशी गुंफली जाते, याचा ध्यास विसाव्या शतकाच्या मध्यावर साऱ्या जगाने घेतला, आणि तो घेण्यासारखाच होता. पण घडलेलं प्रथिन पेशीत किती काळ राहतं, ते कोण मोडतं, कधी मोडतं आणि कुणाच्या हुकमावरून, हा प्रश्न बाजूला पडून राहिला. आम्ही वाचलेल्या पाठ्यपुस्तकांत घडणीला लांबलचक प्रकरण होतं आणि मोडणीला काही ओळी. प्रत्यक्षात पेशी आपला कारभार मोडणीवर ताबा ठेवून चालवते. पुढे काय घडवायचं हेदेखील ती पुष्कळदा कशाला मोडायचं आणि कशाला राहू द्यायचं यावरून ठरवते. हे उमगायला एवढा उशीर का लागला, हा मला शास्त्राच्या इतिहासातला फार मोलाचा धडा वाटत आला आहे.

आमच्या विद्यार्थिदशेत जीवरसायनशास्त्र शरीरक्रियाशास्त्राच्याच पोटात शिकवत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रयोगशाळेतला अटेंडंट सकाळीच कुळथाचं पीठ पाण्यात कालवून ठेवायचा. कुळथात युरीएज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिया तोडून अमोनिया मोकळा करतं. लघवीच्या नमुन्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकायचे, वरून कुळथाचं पाणी घालायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने नळीत गुलाबी रंग चढे. घरी पिठल्याला वापरायचं पीठ इथे युरिया ओळखायला वापरतात, याचं आम्हा मुलींना केवढं अप्रूप वाटलं होतं!

तो गुलाबी रंग म्हणजे मोडलेल्या प्रथिनाची खूण. प्रथिनातला नायट्रोजन शेवटी बहुतांशी युरिया होऊन बाहेर पडतो. पण हे प्रथिन कुठलं? काल जेवणातल्या डाळीचं, की आपल्याच यकृताचं आणि स्नायूंचं? १९०५ साली ऑटो फोलिन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने याचं उत्तर दिलं होतं. माणसांना कमीजास्त प्रथिनांचा आहार देऊन त्याने त्यांची लघवी तपासली. आहार बदलला की युरिया बदले; क्रिएटिनिन मात्र जवळजवळ तेवढंच राही. त्यावरून त्याने दोन वेगळे व्यवहार मांडले: खाल्लेलं प्रथिन जळतं आणि युरिया होऊन जातं, शरीराचं स्वतःचं प्रथिन जवळपास स्थिर असतं, थोडीशी झीज होते तेवढीच. हे चित्र इतकं सरळ होतं की तीसेक वर्षं ते कुणाला फारसं खटकलं नाही.

दुसरी एक चाचणी मला अधिक जवळची. एखाद्या रुग्णाची लघवी नळीत घेऊन सावकाश तापवायची. ५०–६० अंशांच्या आसपास ती गढूळ होते, साका जमतो; आणखी तापवून उकळी आणली की साका विरघळतो; निवू दिली की पुन्हा दिसतो. साध्या अल्ब्युमिनचा साका उकळून असा विरघळत नाही. १८४५ साली लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरकडे असा एक नमुना आला. रुग्णाची हाडं ठिसूळ झाली होती. ते प्रथिन पुढे बेन्स जोन्सच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. मायलोमा या कर्करोगात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि प्रतिपिंडांचे तुकडे भरमसाट तयार करतात. ते लघवीत उतरतात. नव्या यंत्रांच्या आधी आमच्याकडेही हीच चाचणी होई, आणि साका विरघळताना पाहून खोलीतलं बोलणं थांबे, कारण त्या निदानाला तेव्हा फारसा इलाज नव्हता.

फोलिनच्या चित्राला धक्का दिला रुडॉल्फ शोएनहाइमरने. हा बर्लिनचा, फ्रायबुर्गला काम करत असे. ज्यू असल्यामुळे १९३३ साली जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला. तिथे हॅरल्ड युरी जड समस्थानिकं तयार करत होता. शोएनहाइमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांच्या हाती त्यातून जड नायट्रोजन आला: रसायन म्हणून नेहमीच्या नायट्रोजनासारखाच, फक्त वजनाला थोडा अधिक, म्हणून शरीरात कुठे गेला ते शोधता येणारा. असा नायट्रोजन घातलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल त्यांनी पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातलं. उंदरांचं वजन बदलत नव्हतं, म्हणजे नवं मांस चढत नव्हतं. फोलिन बरोबर असता तर हा जड नायट्रोजन लघवीतून बाहेर पडायला हवा होता. १९३९ साली त्यांनी निष्कर्ष छापला: तीन दिवसांत एक-तृतीयांशाहून कमी नायट्रोजन लघवीत आला, आणि निम्म्याहून अधिक उंदराच्या स्वतःच्या प्रथिनांत जाऊन बसला. इतकंच नाही, तर तो ल्युसिनमधून निघून इतर अमिनो आम्लांतही पोचला होता.

याचा अर्थ असा की वजन स्थिर असलं तरी शरीर स्थिर नाही. जेवढं प्रथिन नव्याने बसतं तेवढंच जुनं मोडून निघतं, आणि हे अखंड चालू असतं. आजचा अंदाज सांगतो की प्रौढ माणसाच्या शरीरात रोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिन मोडतं आणि तेवढंच घडतं. आपण जेवणातून घेतो ते साधारण सत्तर ग्रॅम. उरलेला माल शरीर स्वतःच्याच मोडीतून परत वापरतं. म्हणजे घडणीचा कच्चा माल बहुतांशी मोडणीतूनच येतो. शोएनहाइमरने १९४१ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आत्महत्या केली. शरीरातल्या घटकांच्या गतिमान अवस्थेवरचं त्याचं छोटं पुस्तक १९४२ मध्ये, तो गेल्यावर निघालं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रातल्या थोड्या थोर पुस्तकांपैकी ते आहे, आणि त्याचं नाव आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना माहीत नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याचं म्हणणं लगेच रुजलं असंही नाही. १९५५ मध्ये पॅरिसमध्ये जाक मोनो आणि सहकाऱ्यांनी वाढत्या जिवाणूंतलं एक एन्झाइम तपासलं. ते मोडतच नव्हतं. मग उंदरांत दिसलं ते मेलेल्या पेशींचं किंवा बाहेर स्रवणाऱ्या प्रथिनांचं असेल, अशी शंका निघाली. त्याच वर्षी बेल्जियमच्या ख्रिश्चन द दुव्हने पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्या दाखवल्या. त्यांच्यात आम्ल आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइमं भरलेली असतात. मोडणीला जागा मिळाली आणि प्रश्न मिटला असं पुष्कळांना वाटलं.

तो मिटला नव्हता, याच्या दोन खुणा समोर होत्या. पहिली १९५३ ची. मेल्विन सिम्पसनने उंदराच्या यकृताच्या चकत्यांत दाखवलं की पेशीची ऊर्जा तोडली तर प्रथिनांची मोडणीही मंदावते. हे चमत्कारिक होतं. घडवायला ऊर्जा लागते हे समजतं. पण अमिनो आम्लांची साखळी तोडताना उलट ऊर्जा सुटते. आपल्या आतड्यातलं ट्रिप्सिन डाळीचं प्रथिन तोडतं, त्याला इंधन लागत नाही. मग पेशीच्या आत मोडायला इंधन का खर्ची पडावं? विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न द्यायची आणि उत्तर न सांगता तास संपवायची. पुढच्या तासाला येताना कुणीतरी म्हणायचंच, मॅडम, खर्च होतोय म्हणजे निवड होत असणार. पेशी फुकट मोडत नाही, याचा अर्थ ती वाटेल ते मोडत नाही.

दुसरी खूण प्रथिनांच्या आयुष्यांची. यकृतात पॉलिअमाइन बनवणारं ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेज पाव तासाच्या आसपास निम्मं होतं. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन पेशीबरोबर १२० दिवस टिकतं. एकाच पिशवीत सरसकट मोडणी होत असती तर इतका फरक पडला नसता. १९६० च्या दशकात रॉबर्ट शिम्केने उंदराच्या यकृतातल्या ट्रिप्टोफॅन पायरोलेज या एन्झाइमवर केलेलं काम मी फळ्यावर दोन रेघा काढून शिकवत असे. उंदराला हायड्रोकॉर्टिसोन दिलं की एन्झाइम वाढतं. ट्रिप्टोफॅन दिलं तरीही वाढतं. वरून पाहिलं तर दोन्ही सारखंच. पण शिम्केने घडणं आणि मोडणं वेगवेगळं मोजलं, तेव्हा दिसलं की हार्मोन घडण वाढवतं, आणि ट्रिप्टोफॅन मोडण थांबवतं. ज्या पदार्थावर काम करायचं तोच एन्झाइमला मोडू देत नाही. काम आहे तोवर एन्झाइम राहतं, काम संपलं की काही तासांत विरतं. माझ्या आवडत्या प्रयोगांत हा फार वरचा आहे. प्रयोगात कसलंही भारी यंत्र नव्हतं, फक्त दोन्ही बाजू मोजण्याचा हट्ट होता.

याच काळात मुंबईत एक मराठी बाई मोडणीच्या आड येणाऱ्या पदार्थांवर काम करत होत्या. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९११ साली आमच्या शेजारच्या इंदूरला जन्मलेल्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला तेव्हा त्या हटल्या नाहीत. तिथे काम करून दाखवलं, पुढे केंब्रिजला १९३९ साली पीएच.डी. मिळवली. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये असताना १९५० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतले, विशेषतः कडधान्यांतले ट्रिप्सिनरोधक तपासले: वालासारख्या दाण्यांतली अशी प्रथिनं, जी ट्रिप्सिनला चिकटून त्याचं काम बंद पाडतात. गरिबाच्या ताटातली प्रथिनं किती अंगी लागतात, हा त्यांचा मुख्य प्रश्न. पण हे रोधक खुद्द वनस्पतीच्या जीवनात काय करत असतील, इकडेही त्यांनी लक्ष दिलं. बी म्हणजे साठवलेलं प्रथिन. ते रुजेपर्यंत मोडता कामा नये आणि रुजताना वेळेवर मोडायला हवं. भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवलेल्या वालाच्या उसळीमागे ही गोष्ट आहे, हे मी वर्गात हमखास सांगे. मोडण वेळेची आणि परवानगीची गोष्ट असते, हे त्यांच्या कामात मला स्पष्ट दिसतं.

खरी उकल झाली ती एका अर्धवट पेशीत. तांबडी पेशी पक्व होण्याच्या आधीच्या अवस्थेला रेटिक्युलोसाइट म्हणतात. तिच्यात लायसोसोम नसतात. १९७७ साली हार्वर्डमध्ये जोसेफ एटलिंगर आणि आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी सशाच्या रेटिक्युलोसाइटचा अर्क काढून दाखवलं की त्यात बिघडलेली प्रथिनं मोडली जातात आणि त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन लागतं. लायसोसोम नाही, तरी मोडण आहे, आणि तीही खर्चिक.

इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेत अव्राम हर्श्को याच प्रश्नावर होता. हंगेरीतल्या कार्त्सागमध्ये १९३७ साली जन्मलेला. सहा वर्षांचा असताना घरच्यांसह नाझींनी हद्दपार केलेला. १९५० मध्ये इस्रायलला आलेला. त्याचा विद्यार्थी आरोन चिखानोव्हर हैफाचाच. त्यांनी रेटिक्युलोसाइटचा अर्क दोन भागांत वेगळा केला. कुठलाही एक भाग एकट्याने काही मोडेना. दोन्ही एकत्र केले की मोडण चालू. म्हणजे एका एन्झाइमचं हे काम नव्हतं. पहिल्या भागातला घटक शोधताना अडचण अशी की त्यात हिमोग्लोबिनच प्रचंड. त्यांनी तो भाग चक्क उकळला. प्रथिनांवर काम करणारा माणूस सहसा असं करत नाही, कारण उकळल्यावर प्रथिनं गोठतात. हिमोग्लोबिन गोठून खाली बसलं आणि हवा असलेला घटक वरच्या पाण्यात शाबूत राहिला. १९७८ मध्ये हे छापलं.

नंतर फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात अर्विन रोझबरोबर त्यांनी त्या घटकाला किरणोत्सारी आयोडीन जोडून तो कुठे जातो ते पाहिलं. एटीपी घातलं की हा छोटासा रेणू मोठमोठ्या प्रथिनांना जाऊन पक्का जोडला जाई, इतका पक्का की कडक रसायनांनीही सुटेना. जे प्रथिन मोडायचं त्याला आधी खूण लावली जाते, आणि एटीपी खर्च होतं ते ती खूण लावायला, तसंच खूण लावलेलं प्रथिन उलगडून आत ओढायला. १९८० साली रोझच्याच परिसरातल्या कीथ विल्किन्सन, मायकल अर्बन आणि आर्थर हास यांनी ओळख पटवली: हा रेणू म्हणजे १९७५ मध्ये गिडिऑन गोल्डस्टीनने शोधलेलं, पण कामाचा पत्ता नसलेलं युबिक्विटिन. ७६ अमिनो आम्लांचं एवढंसं प्रथिन. यीस्टच्या आणि माणसाच्या युबिक्विटिनमध्ये फक्त तीन ठिकाणी फरक. उत्क्रांतीने ज्याला इतकं कमी हात लावला, त्यावाचून पेशीचं चालत नसणार.

पुढचे धागे भराभर जुळत गेले. खूण लावायला तीन प्रकारची एन्झाइमं एकापाठोपाठ लागतात. कुणाला खूण लावायची ते तिसऱ्या प्रकारातली ओळखतात, आणि माणसात अशी ६०० हून अधिक आहेत. एवढी संख्या हाच निवडीचा पुरावा. खुणांची साखळी लागलेलं प्रथिन प्रोटीअसोममध्ये जातं: सात-सात घटकांच्या चार कड्यांचं नळकांडं, तोंड इतकं अरुंद की घडी उलगडलेला धागाच आत शिरावा. तिथे त्याचे लहान लहान तुकडे होतात, युबिक्विटिन मात्र सुटून परत येतं. जिवंत पेशीत हे सारं खरोखर चालतं, हे अलेक्झांडर वार्शाव्स्कीच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात दाखवलं. हर्श्को, चिखानोव्हर आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मी अजून शिकवत होते. त्या दिवशी ठरलेला विषय सोडून मी रेटिक्युलोसाइटच शिकवला.

या शोधांनी घडणीकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वुड्स होल इथे टिम हंट समुद्री अर्चिनच्या अंड्यांत नव्याने घडणारी प्रथिनं मोजत होता. एक प्रथिन साचत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या सुमारास अचानक नाहीसं होई. घडण तर सतत चालू होती; पेशीला विभाजनातून पुढे नेत होतं ते त्याचं नाहीसं होणं. त्याला त्याने सायक्लिन म्हटलं, आणि २००१ च्या नोबेलचा तो एक मानकरी झाला.

मला त्याहून पटणारं उदाहरण एचआयएफचं. प्राणवायू कमी पडला तर कोणती प्रथिनं घडवायची, हे ठरवणारं हे प्रथिन. पेशी ते कायम घडवत असते आणि प्राणवायू पुरेसा असेल तोवर काही मिनिटांत मोडूनही टाकते. प्राणवायूच्या मदतीने त्यावर एक छोटा बदल केला जातो. तो बदल व्हीएचएल नावाचं प्रथिन ओळखतं, युबिक्विटिन लागतं आणि खेळ संपतो. प्राणवायू घटला की बदल होत नाही, मोडण थांबते, आणि एचआयएफ केंद्रकात जाऊन एरिथ्रोपोएटिनसारख्या प्रथिनांची घडण सुरू करून देतं. मग मज्जेत तांबड्या पेशी वाढतात. वरवर उधळपट्टी वाटते: सतत घडवा आणि सतत मोडा. पण श्वास कोंडल्यावर नव्याने काही घडवायला वेळ नसतो. मोडण थांबवणं क्षणात होतं. या कामाला २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आणि हे सारं दूरदेशी राहिलेलं नाही: मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या पंडुरोगासाठी भारतातच विकसित झालेलं डेसिडुस्टॅट २०२२ साली मंजूर झालं, ते तो छोटा बदल करणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे गोळी खाऊन एचआयएफची मोडण रोखली जाते.

मायलोमाकडे परत येते, कारण कंपूत या इतिहासाचा माणसांशी संबंध येतो तो तिथे. मांढऱ्यांच्या मातेच्या टेकडीवरच कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि चंबळ-बुंदेलखंडापासूनचे रुग्ण या भागात येतात. शेजारची एक सून काही वर्षांपूर्वी सासऱ्यांचे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, बाबांच्या रक्तात प्रोटीन खूप वाढलंय म्हणतात. मी डाळ बंद केली आहे, अंडंही बंद." तिला मी समोर बसवलं. म्हटलं, "अगं, ते प्रोटीन डाळीतून आलेलं नाही. बिघडलेल्या पेशी ते घडवतायत. किडनीच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर त्यांना जेवू घाल, त्यांना ताकद हवी." ती रडली आणि मग स्वयंपाकाचं विचारू लागली. फोलिनचा प्रश्न शंभर वर्षांनी माझ्या पडवीत असा आला होता.

तिच्या सासऱ्यांना जे इंजेक्शन मिळत होतं ते बोर्टेझोमिब. त्याची कथा गोल्डबर्गपाशी सुरू होते. १९९० च्या दशकात त्याने काढलेल्या कंपनीला आजारात झिजणारे स्नायू वाचवायचे होते. प्रोटीअसोम अडवला तर झीज थांबेल असा विचार. त्यातून निघालेलं, बोरॉनचा अणू असलेलं हे औषध स्नायूंऐवजी मायलोमावर चाललं, आणि मे २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते मायलोमावर का चालावं याचं एक मोठं कारण त्या पेशीच्या स्वभावात आहे. ती इतकं प्रथिन घडवते की बिघडलेल्या मालाची सतत मोडण केल्याशिवाय तिचा टिकाव लागत नाही. मोडण रोखली की न मोडलेल्या प्रथिनांनीच ती मरते. निरोगी पेशींनाही झळ लागते. हातापायांना मुंग्या, बधिरपणा येतो, म्हणून मात्रा सांभाळावी लागते. पण ज्या निदानापुढे आमचे शिक्षक हताश होत, त्यात आता वर्षं मिळतात.

त्याच रुग्णांना बहुधा एक कॅप्सूलही असते, लेनॅलिडोमाइड. ती थॅलिडोमाइडच्या कुळातली. १९५७ मध्ये जर्मनीत झोपेचं निरुपद्रवी औषध म्हणून थॅलिडोमाइड विकायला आलं, गरोदर बायांनी मळमळीसाठी घेतलं, आणि १९६१ अखेर ते मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुलं हातपाय खुरटलेली जन्मली. का, ते पन्नास वर्षं कळलं नाही. २०१० मध्ये टोकियोच्या हिरोशी हांडांच्या गटाने दाखवलं की थॅलिडोमाइड सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि सेरेब्लॉन हे खूण लावणाऱ्या यंत्रणेपैकीच एक. औषध चिकटलं की त्याची निवड बदलते. एरवी ज्यांना ते हात लावत नाही अशा प्रथिनांना ते युबिक्विटिन लावू लागतं. मायलोमाच्या पेशीत ती प्रथिनं म्हणजे इकारॉस आणि आयोलॉस, ज्यांच्यावर त्या पेशीचं जगणं अवलंबून असतं. गर्भात असं मोडलं जाणारं एक प्रथिन म्हणजे हातापायांच्या घडणीला लागणारं एसएएलएल४. हे २०१८ मध्ये कळलं. एकाच कुळातला रेणू एका ठिकाणी रोग मारतो आणि दुसरीकडे बाळाचे हात घडू देत नाही, कारण दोन्ही ठिकाणी तो मोडण करणाऱ्याची नजर दुसऱ्या प्रथिनाकडे वळवतो. म्हणून या कॅप्सूलची चिठ्ठी लिहिण्याआधी मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईची गरोदरपणाची चाचणी करतात, आणि पुरुष रुग्णांनाही संततिनियमनाचे नियम समजावून सांगतात. त्या सुनेलाही मी एवढंच बजावलं की कॅप्सूल तिने उघडायची नाही, फुटली तर हात लावायचा नाही, आणि डबा मुलांपासून लांब, सासऱ्यांच्याच कपाटात ठेवायचा.